हबीब नाकेदाराचा तांबडा कंदील

एका फुलासाठी माणूस अकरा वर्षं डोंगर तुडवतो म्हटलं, तर ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडं बघतो आणि मग हळूच विषय बदलतो. शहरातल्या छावणी मोहल्ल्यातले लोक तेवढीही भीड ठेवत नसत. "पगार बरा आहे, पण पोरीच्या डोक्यात भुंगा शिरलाय," असं ते सरळ जाहेदाच्या अम्मीलाच ऐकवत. आणि त्यांचं तरी काय चुकलं? तेहतीस वर्षांची, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई. पण भादवा लागला की हिला घर खायला उठायचं. पिशवी खांद्याला लावायची, कन्नडची एस.टी. पकडायची, आणि तिथून पुढं पायी डोंगरात! चार दिवसांनी परत यायची ती उन्हानं काळवंडून, काट्यांनी ओरबाडून, रिकाम्या हातानं.

हा भुंगा तिच्या बापानं सोडलेला. हबीब जंगलखात्यात नाकेदार होता. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, टोपीवरचा बिल्ला बदलला आणि नव्या साहेबानं हबीबची बदली केली ती थेट कन्नडच्या पलीकडच्या डोंगरात. बायको-पोर छावणीत, आणि हा तिकडं एकटा! दोन-दोन महिन्यांनी घरी यायचा आणि जाहेदाला मांडीवर घेऊन एकच गोष्ट सांगायचा. "एका कड्याखाली मी एक फूल पाहिलं, बेटा. बोटाएवढं. खाली फुगीर, मध्ये बारीक, आणि वर पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या. हुबेहूब कंदील! रंग गडद तांबडा. दुनियेत इतकं सुंदर दुसरं काही नाही. तू मोठी झालीस की दाखवीन."

ते दाखवायचं राहूनच गेलं. पुढं बदल्या झाल्या, मग हबीबचे गुडघे गेले, मग छाती. शेवटच्या दुखण्यात त्याला काहीतरी भाजलेलं, गोड खावंसं वाटायचं. जाहेदानं चुलीत रताळं भाजून आणलं. एक घास खाऊन तो हसला आणि म्हणाला, "ये नहीं, बेटा." तापात बोलतोय, असं सगळ्यांनी धरलं. तो गेल्यावर त्याच्या ट्रंकेत वहीचं एक पान सापडलं. त्यावर पेन्सिलीनं काढलेला कंदील होता, आणि खाली उर्दूत एकच ओळ : 'कड्याच्या पोटात, जिथं पाण्याचा आवाज येतो.'

बस्स! त्या एका ओळीवर जाहेदानं अकरा पावसाळे काढले. फुलाची जात तिनं ओळखली होती. आपल्याकडं जिला खरपुडी म्हणतात, तीच. पण खरपुडीची फुलं हिरवट, पिवळट, फार तर जांभळट. गडद तांबडी तिला एकाही पुस्तकात सापडली नव्हती. ती मिळाली तर नवी जात ठरेल, आणि नव्या जातीला हबीबचं नाव देता येईल! पुण्याच्या एका जाणकार प्राध्यापकांना तिनं लिहिलं होतं. उत्तर आलं ते चार ओळींचं : फूल, पान, वेल आणि जमिनीखालचा कंद, असं सगळं सलग पाठवा. कंद नसेल तर पाठवू नका.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात कन्नडच्या बाजारात तिनं ते पान एका म्हाताऱ्या धनगरासमोर धरलं. मुंजाबा त्याचं नाव. त्यानं पान उलटंसुलटं केलं आणि मान वर केली.

"हे म्या पाहिलंय की! कुणी काढलं?"

"माझ्या वडिलांनी. हबीब नाकेदार."

म्हाताऱ्याचे डोळे एकदम ओले झाले. "हबीबभाऊची लेक व्हय तू? आन् हे पाहिजे तुला?"

"हेच पाहिजे, मुंजाबाकाका. अकरा वर्षं ह्याच्यासाठी जीव तुटतोय माझा."

"मग तुटणारच," मुंजाबा म्हणाला. "ये भादव्यात. नेतो."

त्या "मग तुटणारच"चा अर्थ जाहेदानं तेव्हाच विचारला असता तर ही गोष्ट अर्ध्यात आटोपली असती. पण हावरं माणूस ऐकतं कुठं!

भादव्यातल्या एका पहाटे ती निघाली. अम्मीनं, नजमुन्निसानं, रात्रीचा मटणाचा खलिया गरम करून ताटली पुढं सरकवली होती. "खाको जा, जाहेदा! एक घास तरी."

"अम्मी, देर हो री. येऊन खाते."

"अकरा सालसे येऊनच खाते तू," नजमुन्निसा म्हणाली आणि ताटली झाकून ठेवली.

एस.टी. स्टँडवर बद्रीनाथ वाट बघत होता. हा कॉलेजातल्या प्रयोगशाळेचा शिपाई. देह भरभक्कम, स्वभाव भित्रा, आणि पोटावर अतोनात श्रद्धा. त्याच्या खांद्यावर वनस्पती दाबायची लाकडी चौकट आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. कन्नडला त्यानं दोन पुडे भजी हाणली. जाहेदानं अर्धा कप चहा घेतला, तोही उभ्याउभ्या.

डोंगराच्या पायथ्याशी मुंजाबाची मेंढरं बसली होती. त्याची बायको कस्तुराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं तिघांना पानं मांडली, वर ठेचा, दूध.

"बसा बाई. पोटाला आधार घ्या, मग चढा."

"येताना बसू, मावशी. आत्ता ऊन चढायच्या आत निघालं पाहिजे."

 कस्तुराबाईनं बारा भाकरी फडक्यात बांधून दिल्या. बद्रीनाथनं ते गाठोडं पोराला उचलावं तसं उचललं. पण पिशवीत वर्तमानपत्रं काही केल्या मावेनात. जाहेदानं क्षणभर विचार केला, फडकं सोडलं आणि आठ भाकरी काढून परत टोपलीत ठेवल्या.

"बाई!" बद्रीनाथ कळवळला. "पेपर कमी करू या की."

"पेपर कोरडे लागतात, बद्रीनाथ. एकात फूल दाबलं की दुसरा लागतो, तिसरा लागतो. आणि उद्या दुपारी आपण परत इथंच असू."

मुंजाबा चुलीपुढं बसून निवांत जेवत होता. त्यानं बाईकडं पाहिलं, भाकरीच्या टोपलीकडं पाहिलं आणि आणखी एक भाकरी वाढून घेतली.

दोन तास चढल्यावर रान दाट झालं. सागाची पानं डोक्यावर ओथंबलेली, पायाखाली शेवाळलेले दगड, आणि सगळीकडं ओल्या पाचोळ्याचा तो वास, जो बापाच्या खाकी डगल्याला यायचा. जाहेदा एका जागी थांबली. लहानपणी तो डगला खुंटीवर टांगला की ती त्यात तोंड खुपसून उभी राहायची. अब्बा परत डोंगरात गेले तरी वास दोन दिवस खोलीत राहायचा. तो वास आज सगळ्या रानाला येत होता. तिनं पावलं भराभर उचलली.

पुढं ओढा आडवा आला. पाणी गुडघाभरच होतं, पण तांबूस गढूळ झालेलं. मुंजाबानं काठी रोवली.

"वर लई पाऊस झालाय. बसू हितंच. भाकर खाऊ, पाण्याचा रंग बघू, मग ठरवू."

"काका, पाणी वाढायच्या आतच पार होऊ ना!"

"वाढणार हाय म्हणून तर बसायचं, बाई. पार झालो आन् वाढलं, तर मागं कसं यायचं?"

"उद्या उतरेल. चला!"

आणि ती पाण्यात शिरली सुद्धा! मागोमाग मुंजाबा. शेवटी बद्रीनाथ, एका हातात चौकट, दुसऱ्या हातात भाकरीचं गाठोडं, तोंडात मारुतीचं नाव. तो मधोमध पोचला आणि वरून आवाज आला. घरघर, मग गडगड! मुंजाबा ओरडला, "पळ रं!" बद्रीनाथनं पाऊल टाकलं. दगड निसटला. तो बसकन खाली बसला आणि पाणी छातीला लागलं.

"चौकट!" जाहेदा किंचाळली. "चौकट सांभाळ, बद्रीनाथ!"

बद्रीनाथनं एकदा चौकटीकडं पाहिलं, एकदा गाठोड्याकडं. पगार कॉलेजचा होता. त्यानं चौकट छातीशी धरली. गाठोडं सुटलं, एकदा गिरकी खाऊन वर आलं आणि दिसेनासं झालं. मुंजाबानं काठी पुढं केली, ती धरून तो काठाला लागला. मागं वळून पाहतात तो काय! गुडघाभर पाण्याच्या जागी माणूसभर लोंढा चालला होता, आणि त्यात अख्खं झाड गटांगळ्या खात होतं.

"मेलो असतो," बद्रीनाथ दात वाजवत म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला, "चारच होत्या म्हणा."

जाहेदानं चौकट तपासली. पेपर मेणकापडात कोरडे होते. तिला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची थोडी लाजही वाटली.

ती रात्र एका कपारीत पावसाच्या आवाजात काढली. सकाळी ओढा तसाच फुगलेला. मागं जायची वाट बंद! मुंजाबाचं म्हणणं होतं की आज चढू नये. खाली रानात फिरून काही कंदमुळं मिळतात का बघावं, अंगात जीव आणावा, मग उद्याचं उद्या. जाहेदानं वहीचं पान काढून त्याच्यापुढं धरलं.

"कडा इथून किती?"

"दोन तास. पोट भरलेलं असलं तर."

"मग आपण तीन तासांत जाऊ."

मुंजाबा हसला. "बाप बी असाच हट्टी होता," म्हणाला आणि काठी उचलली.

तीन तासांचे पाच झाले. बद्रीनाथ दर दहा पावलांना बसायचा आणि भज्यांची आठवण काढायचा. जाहेदाच्या डोळ्यांपुढं मधूनच काळे ठिपके नाचत, पण ती चालत राहिली. परवा रात्रीच्या जेवणानंतर तिच्या पोटात अर्ध्या कप चहाखेरीज काही नव्हतं. आणि भुकेचं एक असतं. सुरुवातीला ती ओरडते, मग गप्प बसते, आणि माणसाला वाटतं गेली.

अखेर झाडी सरली आणि कडा समोर आला. काळाकभिन्न, ओला, आभाळापर्यंत उभा. त्याच्या पोटात अरुंद पट्टी आडवी गेलेली, शेळी जाईल एवढी. डाव्या हाताला दरी. आणि कुठूनतरी, अगदी जवळून, दगडाच्या आत पाणी वाहिल्याचा आवाज!

"कड्याच्या पोटात," जाहेदा पुटपुटली. "काका, हेच! हेच ते!"

"व्हय, हेच. पण जरा टेक हितं. तोंडावर रक्त नाय तुझ्या."

"आता नाही टेकवत, काका!"

ती पट्टीवर चढली. एक पाऊल. दुसरं. उजवा हात दगडाला, डावा मोकळा. वाऱ्यानं पदर फडफडला. दहा पावलं झाली. वीस. पट्टी वळली आणि वळणापलीकडं, वीस-पंचवीस हातांवर, ओल्या दगडाच्या भेगेतून हिरव्या वेली लोंबत होत्या आणि त्या वेलींवर...

तांबडं काहीतरी होतं!

"अब्बा!" ती ओरडली, आणि तेवढ्यात सगळा कडा डोळ्यांपुढून तिरपा झाला. काळे ठिपके एकमेकांत मिसळले. पायाखाली काहीच लागेना. मानेमागं कुणाचातरी पंजा बसला, पोलक्याचं कापड टरकलं, कोपर दगडावर आपटलं. त्यानंतरचं तिला आठवत नाही.

तिला जाग आली ती धुराच्या वासानं. पट्टी जिथं रुंद होऊन गुहेसारखी आत गेली होती, तिथं ती पडली होती. मुंजाबानं तिला मेंढरासारखं खांद्यावर टाकून तिथवर आणलं होतं. शेजारी कोरड्या काटक्यांचा जाळ. निखाऱ्यांत काहीतरी फुटत होतं, आणि त्याचा गोडसर वास गुहाभर पसरला होता.

"उठू नको. तोंड उघड," मुंजाबा म्हणाला.

त्यानं राख झटकून, साल काढून एक गरम तुकडा तिच्या ओठांशी धरला. जाहेदानं तो गिळला. चावलासुद्धा नाही धड! मग दुसरा. मग तिनं स्वतःच हात पुढं केला. पिठूळ, गोड, शेवटी किंचित तुरट. सहा खाल्ले तिनं, बोटं भाजेपर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खातच होती. अंगात ऊब उतरली, पाण्याचा आवाज पुन्हा नीट ऐकू यायला लागला. आपल्याला इतकी भूक लागली होती, हे तिला खाल्ल्यावर कळलं.

"काय होतं हे, काका? इतकं गोड?"

मुंजाबा गालात हसला. बद्रीनाथ मात्र हसला नाही. तो पलीकडच्या कोपऱ्यात चौकट मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याचा चेहरा चोर पकडल्यासारखा झाला होता.

"बाई," तो म्हणाला, "मी सांगणार होतो. पण तुम्ही शुद्धीवर नव्हता. आणि... मीही आठ खाल्ले."

जाहेदाची नजर जाळापलीकडं गेली. तिथं उपटलेल्या वेलींचा ढीग पडला होता. पानं लांबट, देठ नाजूक, आणि देठादेठाला बोटाएवढी फुलं. खाली फुगीर, मध्ये बारीक, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या. गडद तांबडी!

"काय केलंत हे?" तिनं ढिगातली एक वेल उचलली. "काका, काय केलंत! ह्याच्यासाठी मी अकरा वर्षं... कंद! मला कंद पाहिजे होता, अख्खा! आणि तुम्ही तो मलाच खायला घातलात?"

मुंजाबा गोंधळून तिच्याकडं बघतच राहिला. "मग? तुला हेच पाहिजे होतं नव्हं? बाजारात म्हणालीस, ह्याच्यासाठी जीव तुटतो. म्हटलं, बापानं खाल्लं, ते लेकीला बी खाऊ वाटतंय. काल रातीलाच आणून दिलं असतं, पण ह्या कड्याबिगर हे कुठं येत नाय."

"बापानं... खाल्लं?"

"तुला सांगितलं नाय त्यानं?" मुंजाबानं निखारे काठीनं एकत्र केले. "नाय सांगितलं असेल. नाकेदार होता ना! रानातलं खणू नका म्हणून आमच्यावर दंड लावणारा तोच. नवीनच आला होता. वाट चुकला आन् तीन दिवस ह्या डोंगरात उपाशी फिरला. म्या मेंढरं घेऊन आलो तर हितंच, ह्याच कपारीत पडलेला. मला बघून म्हणतो, 'इथं मेंढरं चारायला मनाई आहे.' वर मान करता येईना, तरी बी कायदा! म्या म्हटलं, साहेब, आधी खा, मग दंड लावा. हेच भाजून घातलं. खाल्लं आन् बायकोचं, पोरीचं नाव घेऊन हमसून हमसून रडला. तुझंच नाव ते, जाहेदा. मग बसून राहिला, त्या फुलाकडं बघत. लई वेळ बघत होता."

जाहेदाला बापाचे शब्द आठवले. 'दुनियेत इतकं सुंदर दुसरं काही नाही.' आणि ते भाजलेलं रताळं! 'ये नहीं, बेटा.' तापातलं बोलणं नव्हतं ते. तो मरताना ह्या गुहेतला घास मागत होता, आणि कायद्याचा माणूस असल्यानं कुठला ते सांगत नव्हता. तिला एकदम बापाची इतकी आठवण आली की तिनं गुडघ्यांत तोंड घातलं आणि लहान मुलासारखी मोठ्यानं रडली. बद्रीनाथही रडला. त्याला कुणी रडलं की रडूच यायचं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "म्हणजे सगळं संपलं. एकसुद्धा उरलं नाही."

"कुणी सांगितलं?" मुंजाबा दुखावल्यासारखा झाला. "आम्ही काय साळिंदर हाय व्हय, मुळासकट खायला? बघ हिकडं ये."

भेगेतल्या मातीत छोट्या दगडांची रांग होती. मुंजाबानं एक दगड उचलला, बोटानं माती बाजूला सारली. खाली कंदाचा वरचा कापलेला तुकडा नीट पुरलेला, त्याचा डोळा वर.

"खालचं पोटाला घ्यायचं, वरचा डोळा मातीला परत द्यायचा. वर दगड ठेवायचा, साळिंदरानं उकरू नये म्हणून. तीन-चार वर्षांनी पुन्हा तेवढाच होतो. माझ्या आज्यापासून आम्ही असंच खातोय."

रांगेच्या टोकाला एक दगड वेगळा होता, मोठा, सपाट, शेवाळलेला. त्याच्याशेजारून एक वेल सरळ वर चढली होती आणि तिच्यावर दोन तांबडे कंदील वाऱ्यात हलत होते. ही वेल कुणी उपटली नव्हती.

"ही का ठेवलीत?" जाहेदानं विचारलं.

"ती तुझ्या बापानं लावलेली हाय. त्या दिवशी जाताना म्हणाला, ह्याचा डोळा मीच पुरतो. दगड बी त्यानंच ठेवला. सत्तावीस वर्षं झाली. म्या तिला हात लावत नाय."

जाहेदा त्या दगडाजवळ बसली. हीच वेल होती. अख्खी, सलग! फूल, पान, देठ आणि खाली नक्कीच मुठीएवढा कंद. ही एक पुण्याला गेली की झालं. हबीब हे नाव पुस्तकात छापलं जाईल, तिच्यामागंही राहील. बद्रीनाथनं खुरपं पुढं केलं.

तिनं खुरपं घेतलं. दगडावर हात ठेवला. गार होता. ह्याच जागी तो बसला होता, पोटात चार घास गेल्यावर, आणि त्याला घर आठवलं होतं. आपण मात्र अकरा वर्षं अम्मीची झाकलेली ताटली मागं टाकून इथं येत होतो.

"राहू दे, बद्रीनाथ," ती म्हणाली. "ह्या उपटलेल्या वेलीच दाबू. फुलं ताजी आहेत अजून."

"पण बाई, कंद?"

"कंद कुठाय ते तुला माहीत आहे," ती म्हणाली, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

ओढा उतरायला आणखी दीड दिवस लागला. तेवढ्यात मुंजाबानं दोनदा रानभाजी शिजवली, एकदा खेकडे भाजले, आणि जाहेदा दर वेळी सगळ्यांच्या आधी हात धुऊन बसली. पायथ्याशी कस्तुराबाईनं त्या आठ भाकरी पुढं ठेवल्या, कडक झालेल्या, दुधात कुस्करून. बद्रीनाथनं त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की कस्तुराबाई तोंडाला पदर लावून हसली.

छावणीत पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. अम्मी दारातच उभी होती. मुलीचं फाटकं पोलकं, खरचटलेलं कोपर, हातातली चौकट, सगळं तिनं पाहिलं आणि नेहमीचंच विचारलं, "खाको आई?"

"नाही, अम्मी. भूक लागलीय. आधी वाढ, मग सांगते."

 असं उत्तर नजमुन्निसाला अकरा वर्षांत मिळालं नव्हतं. मग ती लगबगीनं आत गेली. जाहेदानं चौकट दाराआड टेकवली आणि ताटावर बसली. पोट भरल्यावर तिनं अम्मीला सगळं सांगितलं. कपारीचं सांगितलं, मुंजाबाचं सांगितलं. शेवटी रताळ्याचं सांगितलं.

पुण्याला तिनं काही पाठवलं नाही. महिन्याभरानं, वेली वाळल्यावर, कॉलेजातल्या जाड पांढऱ्या कागदावर तिनं त्या शिवून लावल्या. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात वनस्पतीची माहिती लिहायची चिठ्ठी असते. ती चिठ्ठी तिनं शाईनं, सावकाश भरली. बद्रीनाथ शेजारी उभा राहून वाचत होता.

स्थळ : कड्याच्या पोटात, जिथं पाण्याचा आवाज येतो.
फूल : गडद तांबडं, कंदिलासारखं.
शोधणारे : मुंजाबा धनगर, हबीब नाकेदार.
कंद : खाल्ला. गोड होता.